गडावर जायचंय आणि गुडघा दुखतोय

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी ४६ वर्षांची, अमळनेरला राहते, जवळच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो, ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. दिवाळीनंतर मनावर घेतलं आणि रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं, २४ सूर्यनमस्कार आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून ६० स्क्वाट सुरू केले. त्याआधी व्यायाम असा नव्हताच. महिन्याभरात दोन्ही गुडघे वाटीच्या आजूबाजूला दुखायला लागले, उजवा जास्त. जिना उतरताना, तासभर वह्या तपासून उठताना, खाली बसून भाजी निवडल्यावर जास्त जाणवतं. चालताना तीनेक किलोमीटरनंतर सुरू होतं. सकाळी पाच-दहा मिनिटं आखडल्यासारखं वाटतं, मग बरं. सूज नाही, कुठे पडले नाही. एक्स-रे काढला तर ‘गॅप थोडा कमी झालाय, व्यायाम बंद करा, इंजेक्शनचा विचार करा’ असं सांगितलं. गल्लीतल्या बायका म्हणतात, ‘वंगण सरनं वं माय तुन्हं, आते बशी ऱ्हाय’ (वंगण संपलं तुझं, आता बसून राहा). माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. जन्मभर निंदणी केली, अजून खाली बसून भाकरी थापतात, त्यांना काही होत नाही. मग मलाच का? चैत्रात गल्लीतल्या बायका पायी सप्तशृंगी गडावर जातात. यंदा मलाही जायचंय. जाऊ का? आणखी एक, माझा १९ वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याचा गुडघा वाटीच्या खाली दुखतो. तोही ऐकत नाही, पळतोच आहे.

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी थेट उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. चालणं बंद करू नका. स्क्वाट सध्या पूर्ण थांबवा, सूर्यनमस्कार चार-सहावर आणा, चालणं निम्मं करा आणि वाचलेल्या वेळात मांडीला व खुब्याला ताकद येईल असे मोजके व्यायाम एक दिवसाआड धरा. इंजेक्शनची आज गरज दिसत नाही. गडावरही जा, मात्र कुठे चालायचं आणि कुठे गाडीत बसायचं हे आधी ठरवून. संक्रांत आत्ता झाली, चैत्री पौर्णिमेला अजून अडीच-तीन महिने आहेत. तेवढ्या काळात मांडीच्या स्नायूत खरोखर फरक पडतो.

नुसत्या पत्रावरून मी एवढं ठामपणे बोलू शकते, कारण तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत. वाटीभोवतीचं दुखणं, ते उतरताना वाढणं, गुडघा मुडपून बराच वेळ बसल्यावर उठताना जाणवणं, आणि सूज किंवा मार काही नसणं. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर एकदम जास्त काम पडलं की हेच होतं. आमच्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांत हे दुखणं रोजचं आहे. कॉलेजातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींना होतं, आणि चाळिशीनंतर अचानक व्यायामाला लागलेल्या बायकांनाही होतं.

वयाचाही थोडा वाटा असू शकतो, तो लपवत नाही. ब्रिटनमधल्या, उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार वय ४५ किंवा जास्त, हालचालीने वाढणारं दुखणं, आणि सकाळचं आखडणं नसणं किंवा अर्ध्या तासाच्या आत मोकळं होणं, एवढं जुळलं तर सांध्याची झीज सुरू झाली आहे असं एक्स-रेशिवायही धरता येतं. तुम्ही त्यात बसता. पण ऐकून धसका घेऊ नका. दुखणं नुसतं भाराचं असो की सुरुवातीच्या झिजेचं, दोन्हींत पहिला इलाज योग्य व्यायाम हाच आहे, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं. म्हणूनच ‘व्यायाम बंद करा’ हा सल्ला मला पटत नाही. बंद केला की महिन्याभरात मांडी आणखी सैल पडते, मग तोच जिना आणखी जड जातो.

गुडघा कधी थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचा, तेही इथेच सांगून ठेवते. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर काही तासांत गुडघा टम्म फुगला, पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, चालता चालता लटकन दगा देत असेल, तर थांबू नका. गुडघा लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी जा. रात्री पडल्या पडल्याही ठणका राहतो, विश्रांतीने काहीच उतरत नाही, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, तेव्हाही वाट पाहू नये. यातलं काही तुमच्या पत्रात नाही. उद्या झालं, तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

आता सासूबाईंचा प्रश्न. तुमच्या पत्रात मला तो सगळ्यात मोलाचा वाटला.

सासूबाई लहानपणापासून उकिडव्या बसत आल्या. बारा-तेरा वर्षांच्या असतील तेव्हापासून कापूस वेचणं, निंदणं, चुलीपुढे बसणं, विहिरीवरून पाणी आणणं. त्यांच्या गुडघ्यावरचा भार वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेला आणि त्यांचे स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), हाडं, हाडांवरची कूर्चा (टोकांवरचा गुळगुळीत थर) त्याच चालीने तयार होत गेली. तुमची वीसेक वर्षं वर्गात उभं राहण्यात, खुर्चीवर वह्या तपासण्यात आणि मोटारसायकलवर मागे बसून शाळेत जाण्यात गेली असतील. मग एका दिवाळीनंतर रोज ६० स्क्वाट, म्हणजे महिन्याला १८००. शिवाय सूर्यनमस्कारातलं वाकणं-उठणं आणि दीडशे किलोमीटर चालणं. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घ्यायला लागतो. कंडरा आणि कूर्चेला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तुमचा उत्साह खरा होता, पण गुडघ्याला तयारीला वेळच मिळाला नाही. हे दुखणं मुख्यतः तिथून आलं आहे.

पण सासूबाईंवरून सगळ्यांचा हिशेब मांडू नका. उकिडवं बसून आणि ओझी उचलून केलेल्या कष्टाच्या कामांनी गुडघ्यांची झीज वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत घड वाहणारे, जन्मभर निंदणी केलेल्या बाया, अशी कितीतरी माणसं काठी टेकत माझ्याकडे येतात. सासूबाईंचे गुडघे टिकले ही त्यांची कमाई आहे. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला दोष लावून घेऊ नका.

कोणत्या हालचालीने किती भार पडतो, याचा अंदाज असला की पुढचं सगळं सोपं होतं. सपाट रस्त्यावर चालताना वाटीच्या सांध्यावर येणारा दाब साधारण शरीराच्या वजनाएवढा किंवा त्याहून कमी असतो. जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या आसपास जातो, धावताना पाचपटीच्या. खोल स्क्वाटमध्ये गुडघा जसजसा जास्त वाकतो तसतसा दाब चढत जातो. म्हणून चालायला सुरुवात केल्यावर लगेच न दुखणारा गुडघा तीन जिने उतरल्यावर कुरकुरतो. यात गूढ काही नाही.

‘वंगण सरलं’ हे ऐकून तुम्ही नक्की घाबरला असणार, कारण आपल्याकडे गुडघा दुखला की प्रत्येक जण हेच सांगतो. सांध्यात द्रव असतो हे खरं. निरोगी गुडघ्यातही तो जेमतेम काही मिलिलिटर असतो आणि सांध्याचं अस्तर तो सतत तयार करत राहतं. डब्यातल्या तेलासारखा तो वापरून संपत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते याच द्रवातून, दाब पडणं आणि सुटणं या क्रियेने, म्हणजे हालचालीने. गल्लीतल्या बायकांचा जिव्हाळा मोठा आहे, पण ‘आते बशी ऱ्हाय’ हे मात्र त्यांचं ऐकू नका.

एक्स-रेमधल्या ‘गॅप’चं, म्हणजे दोन हाडांमधल्या फटीचंही असंच. तुमच्या वयाच्या, अजिबात न दुखणाऱ्या शंभर जणींचे एक्स-रे काढले तर त्यांतल्या बऱ्याच जणींच्या गुडघ्यात थोडेफार बदल दिसतील. उलट, खूप दुखणाऱ्या एखादीचा एक्स-रे स्वच्छ निघतो. चित्र आणि दुखणं यांचा मेळ फार सैल असतो. फाइल जपून ठेवा, पण तो कागद पाहून चालण्याचा निर्णय घेऊ नका.

तो निर्णय घ्यायचा दुखण्याला गुण देऊन. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्हाला सोपं जाईल. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तर चालू ठेवायला हरकत नाही. ४ किंवा ५ झालं तर वेग, अंतर किंवा वाकणं कमी करा. त्याच्या वर गेलं तर त्या दिवशी थांबा. आणि यापेक्षा महत्त्वाची दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठल्यावर गुडघा नेहमीइतकाच असेल तर कालचं प्रमाण बरोबर होतं. जास्त दुखत असेल किंवा फुगल्यासारखा वाटत असेल तर कालचं जास्त झालं, पुढच्या वेळी तिसरा हिस्सा कमी. एका जुन्या वहीत रोज दोन आकडे लिहा, व्यायामावेळचा आणि सकाळचा. थोडं दुखलं म्हणजे आत काही फाटतंय असं नसतं. ही भीती गेली की निम्मी लढाई सोपी होते, म्हणून मी हा हिशेब प्रत्येकीला आधी शिकवते.

पहिले दोन आठवडे काय करायचं ते सांगते. चालणं अडीच किलोमीटर, सपाट रस्त्यावर. बोरीच्या बाजूने सपाट रस्ता सापडला तर उत्तम. हवं तर सकाळी सव्वा आणि संध्याकाळी सव्वा असं विभागून चाला. सूर्यनमस्कारात गुडघा जमिनीला टेकतो तिथे खाली दुमडलेली सतरंजी ठेवा, फरशीवर उघडा गुडघा दाबू नका. वज्रासन आणि मलासन (उकिडवं बसायचं आसन) काही दिवस नको. भाजी निवडायला, कपडे धुवायला पाटाऐवजी उंच स्टूल घ्या. हे कायमचं नाही. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आपल्या घरांत सुटणार नाही आणि सुटावं असं मला वाटतही नाही. गुडघा शांत झाला की तिथे परत जायचंच आहे. शाळेत तासभर बसून राहू नका, अर्ध्या तासाने उठून वर्गात एक फेरी मारा. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाका, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि कठड्याला हात धरा.

आता ताकदीचे व्यायाम. हेच खरं औषध आहे, म्हणून इथे घाई करत नाही.

पहिला, गादीवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुंडाळी खाली दाबत मांडी आवळा. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा-बारा वेळा. दुखरे गुडघे यानेच सुरू करतात, कारण यात वाटीवर दाब जवळजवळ येत नाही.

दुसरा, उताणं झोपून एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. सरळ पाय मांडी आवळून वीतभर-दीड वीत उचला, क्षणभर थांबा, सावकाश खाली आणा. आपटू नका. खाली आणणंही तितकंच काम करतं.

तिसरा खुब्यासाठी. बहुतेक जणी हा टाळतात आणि तिथेच अडकतात. कुशीवर झोपा, वरचा पाय सरळ आणि किंचित मागे ठेवून उचला, टाच छताकडे. तो पुढे आला की खुब्याचा स्नायू काम सोडून देतो. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमी पडला की पाऊल टेकताना गुडघा आतल्या बाजूला कलतो आणि वाटी एका बाजूला घासली जाते. आरशासमोर उजव्या पायावर उभं राहून गुडघा थोडा वाकवा, तो अंगठ्याच्या आत जातोय का पाहा. तुमच्याकडे तसं असेल तर मला नवल वाटणार नाही.

चौथा, उताणं झोपून दोन्ही गुडघे दुमडून कंबर उचलणं, ज्याला योगात सेतुबंध म्हणतात. पाचवा, भिंतीला पाठ टेकून थोडंसंच खाली सरकून उभं राहणं, खुर्चीइतकं खाली नाही, त्याच्या अर्ध्यापर्यंत. सुरुवातीला २० सेकंद, मग वाढवत ४० पर्यंत, चार-पाच वेळा. अशा स्थिर धरण्याने अनेकींचं दुखणं लगेच थोडं हलकं होतं.

पहिले चार व्यायाम दहा-बारा वेळांच्या दोन फेऱ्या, जमलं की तीन. पाचही एक दिवसाआड. मधला दिवस स्नायूला भरून यायला लागतो. रोज केलं तर लवकर बरं होईल असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी सकाळचे गुण घसरायला लागले की पुढे जा. उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठा-बसा. नंतर खुर्ची थोडी बुटकी. मग एका विटेच्या उंचीवर एका पायाने चढणं आणि सावकाश उतरणं. टाचा उचलून पोटरीचा व्यायाम. हे सगळं शांतपणे जमलं की तुमचे स्क्वाट परत येतील, आधी दहा, उथळ, आठवड्यातून तीन दिवस. स्क्वाटमध्ये गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला म्हणजे पाप झालं असं काही नसतं. दुखऱ्या दिवसांत किती खोल जातो आणि किती वेळा, एवढंच पाहायचं. खरा फरक सहा ते बारा आठवड्यांत दिसतो. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ वाटून अनेक जणी सोडतात. तुम्ही सोडू नका.

वजनावर फार बोलणार नाही, कारण जो तो तेच ऐकवत असणार. एकच आकडा ध्यानात ठेवा: गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांवरच्या अभ्यासात असं दिसलं आहे की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. तीन-चार किलो उतरले तरी गुडघ्याला कळतं. त्यासाठी रात्री उपाशी झोपू नका. स्नायू बांधायचा तर प्रथिनं लागतात. डाळ, मठ-मुगाची उसळ, दही, चालत असतील तर अंडी, हे जेवणात दोन्ही वेळा असू द्या. कळण्याची भाकरी आणि भरीत सोडायचं नाही, वरचं तेल तेवढं कमी करा.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र कडक बोलते. तुम्हाला ब्लड प्रेशरची गोळी आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून घेऊन रोज खाल्ल्या तर ब्लड प्रेशर चढतं, पोटाला इजा होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, या वेदनाशामक गोळ्या आणि उन्हाने अंगातलं आटलेलं पाणी, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो आणि मेमध्ये जळगाव-भुसावळकडे ४५ अंशांपर्यंत जातो. पदयात्रेत पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं घेऊन निघणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा खरंच काळजी वाटते. चालायच्या आधी गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि मग चालायचं, हे कधीच नको. गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम चालेल. त्यातलं रक्तात फार कमी जातं, तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. तिळाच्या तेलाने मालिश, आखडल्यावर गरम शेक, खूप चालून आल्यावर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, यातलं जे बरं वाटेल ते करा. नी-कॅपने आधार वाटत असेल तर बाहेर जाताना घाला, दिवसभर नको.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण तो काही आठवड्यांचा असतो. फार सूज आणि फार दुखणं असलेल्याला व्यायाम सुरू करता यावा म्हणून ते कधी कधी उपयोगी पडतं. ‘वंगणाची’ म्हणून दिली जाणारी महागडी जेल इंजेक्शनं मात्र ‘नाइस’ने या दुखण्यासाठी देऊ नयेत असंच म्हटलं आहे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचाही भरवसा नाही. त्या पैशात तळवा नीट असलेले चालायचे बूट घ्या. झिजलेली चप्पल घालून पाच किलोमीटर चालू नका.

मुलाचं. वाटीच्या खाली, वाटी आणि नडगीच्या हाडाला जोडणारी जाड कंडरा असते. उड्या, उठाबशा आणि रोजच्या धावण्याने ती दुखावते. भरतीची पोरं १६०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी रोज जीव तोडून पळतात, वर शंभर मीटर पूर्ण वेगाने पळायचा सराव करतात, तेही डांबरी रस्त्यावर. त्याला पूर्ण बसवू नका. पूर्ण विश्रांतीने कंडरा सुधारत नाही, परत पळायला लागला की पुन्हा दुखते. आठवड्यात तीन-चार दिवस पळणं, मधले दिवस गोळाफेक आणि वरच्या अंगाची ताकद. उड्या आणि झटक्याच्या उठाबशा महिनाभर बंद. भिंतीला टेकून ४५ सेकंद धरणं, पाच वेळा, रोज. दुखणं ३ च्या आत आलं की पाठीवर वजन घेऊन सावकाश उठणं-बसणं. पळताना पाऊल थोडं आखूड टाकायचं आणि पावलांचा वेग पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायचा, याने गुडघ्यावरचा भार कमी होतो. पळायला मातीचं मैदान धरू दे. कोणी मैदानी चाचणीआधी त्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ठाम नकार द्या, त्याने ती कमजोर होऊन तुटू शकते. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट लावल्यावर कळ येत असेल तर पळणं लगेच थांबवून दाखवा. हाडाला ताणाची बारीक चीर असू शकते.

आता गड. पहिल्या दोन आठवड्यांनंतर रोजच्या चालण्यात आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढवा, फक्त सकाळचे गुण शांत असतील तरच. फाल्गुनात आठवड्यातून एक लांब फेरी ठेवा, आधी सात, मग दहा किलोमीटर. पदयात्रेतल्या बायका दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर तोडतात, तेही अनेक दिवस सलग. अमळनेरहून धुळं, मालेगाव, कळवण असा तो सगळा रस्ता यंदा तुम्ही पायी करावा असं मला वाटत नाही. सामानाचा टेम्पो सोबत असतोच. पहाटे गार वेळेत आठ-दहा किलोमीटर त्यांच्यासोबत चाला, उन्हं वर आली की टेम्पोत बसा. चालताना हातात काठी घ्या, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. अनवाणी जायचा नवस नसेल तर बूट काढू नका. तापलेल्या डांबरावर पाय पोळले की चाल बिघडते आणि तिचा भार गुडघ्यावरच येतो.

नांदुरीपासून गडापर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट आहे आणि वर मंदिराला पाचशेच्या आसपास पायऱ्या. चढताना दम लागेल, पण गुडघ्याचा कस लागतो तो उतरताना. दर्शन झालं की खाली ट्रॉलीने या आणि घाट गाडीने उतरा. यात भक्ती कुठेही कमी होत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास मला एकदा कळवा, सलग दोन दिवस किती किलोमीटर झालं आणि दुसऱ्या सकाळी गुडघ्याला किती गुण दिले. त्यावरून रोज किती चालायचं आणि घाट पायी चढायचा की नाही, ते आपण नक्की करू.